आज्ञा कोणाची? : केडगावच्या पंडिता रमाबाईंचा दाखला

पुणे जिल्ह्याच्या पूर्वभागातील शिरूर आणि दौंड या तालुक्यांचे नाव धर्मचिंतनाच्या प्रसंगी सहसा कोणाच्या ओठी येत नाही. एकाची ओळख घोड नदीकाठच्या जुन्या इंग्रजी छावणीवरून, तर दुसऱ्याची लोहमार्गाच्या जंक्शनावरून पटते. तथापि परमेश्वरावरील विश्वास आणि त्याच्या आज्ञेचे पालन यांचा परस्परांशी संबंध काय, हा जो ख्रिस्ती धर्मजीवनातील फार जुना वाद आहे, त्याचा या रखरखीत मुलखात सापडणारा दाखला धर्मपंडितांच्या पुष्कळशा ग्रंथांपेक्षा अधिक बोलका आहे. दौंड तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी आपल्या आयुष्याची अखेरची पंचवीस वर्षे वेचली. आणि शिरूरच्या आसपास अमेरिकन मराठी मिशनचे काम तर त्यांच्याही पुष्कळ आधी सुरू झालेले होते.

वाद थोडक्यात असा. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात असे प्रतिपादन केले, की माणूस परमेश्वरापुढे नीतिमान ठरतो तो नियमशास्त्रातील कर्मे बिनचूक केल्याने नव्हे, तर विश्वासाने. याकोबाने आपल्या पत्रात सांगितले, की ज्याच्या पाठीशी कृती नाही तो विश्वास निर्जीव होय. मौज अशी, की दोघेही साक्षीला एकाच पुरुषाला उभे करतात. पौल अब्राहामाच्या त्या प्रसंगाकडे बोट दाखवतो, जेव्हा अपत्यहीन म्हाताऱ्याने ताऱ्यांइतक्या संततीचे वचन ऐकले आणि त्यावर भरवसा ठेवला. याकोब पुष्कळ वर्षांनंतरच्या त्या प्रसंगाकडे, जेव्हा त्याच म्हाताऱ्याने आज्ञेवरून आपला मुलगा इसहाक याला वेदीवर ठेवले. मार्टिन लूथरला याकोबाचे पत्र इतके अडचणीचे वाटले, की १५२२ सालच्या आपल्या प्रस्तावनेत त्याने त्याची संभावना गवताचे पत्र म्हणून केली. उलट ट्रेंट येथे १५४५ पासून भरलेल्या रोमन कॅथलिक धर्मसभेने विश्वासाबरोबर सत्कृत्यांचेही स्थान निक्षून सांगितले. विसाव्या शतकात डिट्रिख बॉनहॉफर या जर्मन पाळकाने १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हे दोन्ही पक्ष एकत्र बांधले. विश्वास ठेवणाराच आज्ञा पाळू शकतो हे जितके खरे, तितकेच आज्ञा पाळणाराच विश्वास ठेवू शकतो हेही खरे, आणि यातील एक अर्ध दुसऱ्यावाचून उच्चारले की ते असत्य होते, असा त्याचा आशय होता.

मला मात्र असे वाटते, की आधी विश्वास की आधी आज्ञापालन या क्रमाच्या वादात त्याहून मूलगामी असा एक प्रश्न मागे पडतो, आणि तो म्हणजे आज्ञा कोणाची? बॉनहॉफरच्या देशात असंख्य सश्रद्ध माणसांनी, वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन असावे हा पौलाचा उपदेश पुढे करून, एका नरराक्षसाचे हुकूम मुकाट्याने मानले. आणि बॉनहॉफर, ज्याने ते मानले नाहीत, तो एप्रिल १९४५ मध्ये फासावर गेला. रमाबाईंचे चरित्र या प्रश्नाच्या अंगाने वाचले असता जितके उलगडते, तितके धर्मांतराच्या रूढ वादाच्या अंगाने वाचून उलगडत नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीस संस्कृत शिकवले, आणि त्याबद्दल धर्माधिकाऱ्यांपुढे जाबजबाब देण्याचा प्रसंग आला तेव्हा शास्त्रवचनांचेच आधार काढून आपली बाजू मांडली. म्हणजे रूढी मोडली तीही शास्त्राच्या आज्ञेत राहूनच. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडले. व्रते, दाने, स्नाने, उपवास यांत त्यांनी काही म्हणता काही उणे ठेवले नाही. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत जो दुष्काळ पडला त्यात आधी वडील, मग आई आणि नंतर थोरली बहीण अशी तिन्ही माणसे गेली. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवासशास्त्री हे दोघेच उरले. शास्त्राने सांगितलेले सर्व यथासांग केले आणि सांगितलेले फळ आले नाही, या अनुभवाने या भावंडांची श्रद्धा ढळली, असे रमाबाईंनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत नमूद केले आहे. या जागी पुष्कळ ख्रिस्ती लेखक घाईने विजयाची आरोळी ठोकतात, ती अनाठायी होय. सावकाराकडे हप्ता भरून पावती मागावी तसे देवाशी वागणारे लोक ख्रिस्ती मंडळ्यांतही थोडेथोडके नसतात, आणि पौलाचा सगळा रोख अशाच आज्ञापालनावर होता. शिवाय अनंतशास्त्र्यांच्या सश्रद्धतेविषयी त्यांच्या कन्येने अखेरपर्यंत आदरानेच लिहिले आहे.

पुढची वर्षे झपाट्याची आहेत. १८७८ साली कलकत्त्यास पंडिता आणि सरस्वती या पदव्या, १८८० साली बंधूंचा मृत्यू आणि त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी जातिबंधन तोडून नोंदणी पद्धतीने विवाह, १८८१ साली कन्या मनोरमा हिचा जन्म, १८८२ च्या आरंभी वैधव्य, मग पुण्यात आर्य महिला समाज, आणि १८८३ साली वैद्यकाच्या शिक्षणासाठी विलायत. बहिरेपणामुळे वैद्यक राहून गेले. पण वाँटेज येथील सेंट मेरीच्या भगिनीमंडळात राहत असता २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. या भगिनींचे लंडनच्या फुलहॅम भागात पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी जे आश्रयस्थान होते, ते पाहून रमाबाईंच्या मनाची पकड घेतली गेली होती. आपल्याकडे ज्यांना केवळ दंड मिळतो अशांची येथे मायेने शुश्रूषा होते, याचे मूळ कशात आहे, असा प्रश्न त्यांनी विचारला आणि उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. दुसऱ्यांचे आज्ञापालन डोळ्यांनी पाहून त्यांचा विश्वास जागा झाला, याची येथे नोंद करून ठेवणे इष्ट.

यानंतरचा जो अध्याय आहे तो मला या चरित्रातील सर्वांत मोलाचा वाटतो. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन या रमाबाईंच्या धर्ममाता; आज्ञाधारकतेचे व्रत घेतलेल्या, चर्चच्या परंपरेत मुरलेल्या, मनाने प्रेमळ पण शिस्तीच्या बाबतीत करड्या. नवदीक्षित पंडिता चर्चने जे शिकवले ते नम्रपणे ग्रहण करील, अशी त्यांची साहजिक अपेक्षा होती. पंडितेने मात्र पवित्र शास्त्र स्वतः उघडून वाचायला घेतले, आणि त्रैक्याचा सिद्धान्त, ख्रिस्ताचा कुमारीच्या उदरी जन्म, अथानासियसच्या नावाने चालणारा मतांगीकार अशा एकेका विषयावर प्रश्नांची सरबत्ती केली. त्यांनी आपला शाकाहार सोडला नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, अशीही विचारणा केली. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्या असता त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना भाषा शिकवाव्यात अशी एक सूचना पुढे आली. त्यावर मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा रमाबाई खवळून उठल्या. मायदेशी भरसभेत पुरुषांपुढे व्याख्याने देणाऱ्या स्त्रीला पुरुषांना शिकवण्याची बंदी करणारे हे बिशप कोण, हा त्यांचा सवाल होता. भारतातील पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलेल्या माणसाने चर्चच्या अधिकाऱ्यांचे नवे जोखड, केवळ ते ईश्वराच्या नावाने येते म्हणून, चढवून घ्यावे हे त्यांना मान्य नव्हते, आणि १८८५ सालच्या एका पत्रात त्यांनी ते रोखठोक कळवले.

सिस्टर जेराल्डिन यांनी यात अहंकार पाहिला. त्यांच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे: आपल्या बुद्धीला जे पटेल तेवढेच मानणारा माणूस अखेर स्वतःचीच आज्ञा पाळतो, आणि आज्ञापालनाचा जो मुख्य गुण, म्हणजे स्वतःच्या मर्जीवर अंकुश, तोच त्यातून निसटतो, ही त्यांची भीती निराधार नव्हती. चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी मात्र निराळा मार्ग धरला. त्या रमाबाईंशी वाद घालीत, प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देत, आणि त्यांच्या सदसद्विवेकबुद्धीची मालकी त्यांच्याकडेच राहू देत. उभयपक्षांचा हा पत्रव्यवहार वाचला म्हणजे असे दिसते, की रमाबाई आज्ञापालन नाकारीत नव्हत्या; ख्रिस्ताची आज्ञा आणि चर्चच्या अंमलदारांचा हुकूम यांच्यामधली सरहद्द त्या आखून मागत होत्या. प्रेषितांच्या कृत्यांत पेत्राने यरुशलेमच्या न्यायसभेपुढे जी कैफियत दिली, की माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानणे आम्हांस भाग आहे, तिचाच हा विस्तार होता; फरक इतकाच, की पेत्रापुढे बसलेली सभा त्याच्या विरोधकांची होती आणि रमाबाईंपुढे त्यांच्या हितचिंतकांची. विरोधकांपेक्षा हितचिंतकांची अवज्ञा करणे जड जाते.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या, तेथे पैसा आणि सहानुभूती मिळवून परतल्या, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवा आणि मुलींसाठी शारदा सदन उघडले. ते पुढल्या वर्षी पुण्यास आले. येथे धर्मशिक्षण द्यायचे नाही असा करार होता. रमाबाईंनी तो पाळला, परंतु स्वतःच्या प्रार्थनेच्या वेळी खोलीचे दार लावून घेण्याचे नाकारले. ज्या मुलींना यावेसे वाटे त्या येत. यावरून १८९३ साली जे वादळ उठले, त्यात रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले, केसरीने झोड उठवली आणि वीसपंचवीस मुलींची नावे निघाली. दार उघडे ठेवणे ही निष्ठा की करारभंगाची पळवाट, यावर त्या काळी पुण्यात पुष्कळ शाई खर्ची पडली. पालकांचा रोष मला समजतो. पण स्वतःची उपासना चोरून करण्याची अट कोणत्याही धर्माच्या माणसाला घालणे गैर होते, असेच माझे मत आहे.

मधल्या काळात, १८९१ च्या सुमारास, विल्यम हॅस्लम या कॉर्नवॉलमधील धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. हा गृहस्थ वर्षानुवर्षे पाळकपद भूषवीत होता, आणि १८५१ साली एकदा व्याख्यानपीठावर उभा राहून प्रवचन करीत असता त्याच्याच मनात प्रथम खरा विश्वास उदय पावला. रमाबाईंना यात आपले प्रतिबिंब दिसले. आठ वर्षांपूर्वी आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण धर्माचा संस्थापक दुरूनच राहिला, अशी जाणीव त्यांना झाली. आणि यानंतरच्या त्यांच्या लिखाणात तर्काची धार तीच असली, तरी सूर शांत झालेला आढळतो. वाँटेजला ज्या स्त्रीने आज्ञा मानण्यास साफ नकार दिला, तीच आता प्रत्येक लहानमोठ्या पावलापूर्वी प्रभूची इच्छा काय, असे विचारू लागली. यात मला विसंगती दिसत नाही, कारण ज्याने भलत्या धन्याची चाकरी आधीच नाकारली आहे, त्यालाच खऱ्या धन्यापुढे मोकळ्या मनाने रुजू होता येते.

केडगाव येथे पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गालगत सुमारे शंभर एकर जमीन संस्थेने आधीच घेतली होती. फळबागा लावाव्यात आणि त्यांच्या उत्पन्नावर संस्था चालावी, असा हिशेब होता. १८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला. दुष्काळात आईबाप गमावलेली ही स्त्री तिकडे गेली आणि सुमारे तीनशे निराधार मुली व विधवा घेऊन आली. त्याच सुमारास पुण्यात प्लेगने थैमान घातले आणि इतक्या मुलींना शहरात ठेवण्यास मनाई झाली, तेव्हा हा सर्व लवाजमा केडगावच्या माळावर हलवावा लागला. त्याच वर्षी प्लेगच्या बंदोबस्तातील गैरप्रकारांविषयी, विशेषतः आपल्या संस्थेतील एका मुलीच्या वाताहतीविषयी, रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रात सरकारला जाहीरपणे धारेवर धरले. बिशपांपुढे न वाकलेली ही बाई गव्हर्नरापुढेही वाकली नाही. आणि याच सरकारने १९१९ साली त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले, हा सरकारी दप्तराचा विनोद म्हणायचा.

माळावर विहिरी खणल्या गेल्या, इमारती उठल्या. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडल्यावर केडगावच्या या संस्थेतील, म्हणजे मुक्ती सदनातील, वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. मुलींसाठी शारदा सदन, वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, वृद्धांसाठी प्रीती सदन, शिवाय अंध स्त्रियांची व्यवस्था. माग, तेलाचा घाणा, दुभती जनावरे, धोबीकाम, शिवण, शेती आणि छापखाना. अमेरिकेतील मंडळाचे साह्य येतच होते, पण दोन हजार तोंडांना पुरेल अशा ठरावीक उत्पन्नाची सनद कोणी लिहून दिलेली नव्हती. ब्रिस्टलचा जॉर्ज म्यूलर आणि चीनमधील हडसन टेलर यांच्या चरित्रांवरून रमाबाईंनी जो धडा घेतला, तो असा, की काम देवाने सांगितलेले असेल तर त्याची तरतूदही त्याच्याकडेच मागावी. परंतु केडगावच्या प्रार्थनेबरोबर कुदळही चालत असे, ही गोष्ट भाविक चरित्रांतून कधीकधी पुसट होते. याकोबाच्या पत्रावरील इतके विस्तृत भाष्य मराठी मुलखात दुसरे झालेले नाही.

येथे एक अडचण उभी राहते, आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. घंटेवर उठणाऱ्या, घंटेवर जेवणाऱ्या आणि घंटेवर प्रार्थनेस बसणाऱ्या अनाथ मुलीच्या आज्ञाधारकतेला विश्वास म्हणावे काय? जिचे अन्न, वस्त्र आणि छप्पर एकाच हातातून येते, तिला नकार देण्याची मुभा कितपत असणार? स्वतः अवज्ञेचा हक्क बजावलेल्या रमाबाई आता दोन हजार जणींच्या मुखत्यार होत्या. निव्वळ हजेरीपटावरून कोणी ख्रिस्ती होत नाही हे त्यांना हॅस्लमच्या पुस्तकापासून ठाऊक होते, आणि म्हणून जानेवारी १९०५ मध्ये त्यांनी रोजच्या विशेष प्रार्थनेसाठी हुकूम सोडला नाही, तर ज्यांची इच्छा असेल त्यांनी यावे असे सांगितले. प्रारंभी सत्तर जणी आल्या. जूनअखेरीस जी धार्मिक जागृती झाली ती पुढे जगभरच्या ख्रिस्ती वर्तुळांत गाजली. मुली रडत, पापे कबूल करीत, एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करीत. काही परदेशी मिशनऱ्यांना हा गोंगाट खपला नाही. रमाबाईंनी मात्र या देशाच्या लेकींना आपल्या रीतीने देवाला हाक मारू द्यावी अशी भूमिका घेतली. पूर्वी बिशपांनी जे त्यांना करू दिले नव्हते, ते त्यांनी आपल्या मुलींना करू दिले. एवढ्याने वरच्या अडचणीचे संपूर्ण निरसन होते असे मी म्हणणार नाही. संस्थेत वाढलेल्या श्रद्धेवर ही शंका कायमच राहते, आणि ती राहावी हेच बरे.

शिरूरकडची हकिकत वेगळ्या घाटाची आहे. अहमदनगरला १८३१ साली आलेल्या अमेरिकन मिशनने पुढल्या दहाबारा वर्षांत शिरूर गाठले. तेथे नंतर रिचर्ड विन्सर यांच्या काळात औद्योगिक शिक्षणाचीही सोय झाली. या भागातील मंडळ्या मुख्यतः महार समाजातून उभ्या राहिल्या, आणि तेथे आज्ञापालनाचा प्रश्न बिशपाच्या पत्रातून नव्हे, तर वतनाच्या कामातून उभा राही. बलुत्यावर जगणाऱ्या माणसाने ग्रामदेवतेच्या जत्रेतले आपले परंपरागत काम नाकारले, तर खळ्यावरचा वाटा थांबण्याची धास्ती. रविवार पाळायचा म्हटला, तर त्या दिवशीची मजुरी बुडायची. रमाबाईंची अवज्ञा पत्रव्यवहारात जपली गेली. या माणसांची ना चावडीच्या कागदात, ना कोणाच्या चरित्रात. या मिशनने प्रभुभोजनाच्या पंक्तीत जातिभेद चालू दिला नाही. हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या ब्राह्मण ख्रिस्त्यांना १८५४ साली पाळकपदाची दीक्षा मिळाली, तेव्हा ज्यांच्याबरोबर एका भाकरीचा तुकडा घ्यायचा, ती माणसे कालपर्यंत त्यांच्या ओटीवरसुद्धा येऊ शकत नव्हती. त्या काळी या एका घासात सगळी धर्मविद्या सामावलेली होती.

याच परंपरेतील नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, परंतु लक्ष्मीबाई त्यांच्यामागोमाग केवळ पत्नीधर्म म्हणून गेल्या नाहीत. जातिभेद माणसाने केला की देवाने, याचा निवाडा त्यांनी आपल्याशी केला आणि १९०० साली त्या ख्रिस्ती झाल्या. नवऱ्याची आज्ञा म्हणून धरलेली श्रद्धा त्यांना पुरली नसती, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास सांगायला नको. टिळकांनीही १९१७ साली मिशनची नोकरी सोडली, आणि पगाराच्या ताबेदारीतून मोकळे होऊन ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा स्वतंत्र संघ उभारण्याचा प्रयत्न केला. दोन वर्षांत त्यांचे निधन झाल्याने तो अपुरा राहिला.

रमाबाईंची अखेरची वर्षे एका ग्रंथावर गेली. खेड्यातल्या स्त्रीला कळेल अशा मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्र उतरवण्यासाठी त्यांनी इब्री आणि ग्रीक भाषा शिकून घेतल्या, आणि सुमारे अठरा वर्षे काम चालवले. खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंतची मेहनत केडगावच्या मुलींनी केली. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. ग्रंथ १९२४ साली पूर्णपणे छापून निघाला. केडगावची संस्था आजही चालू आहे, आणि तिच्याविषयी ज्यांना वाचायचे आहे त्यांनी रमाबाईंच्या १९०७ सालच्या साक्षीबरोबर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केलेला त्यांचा इंग्रजी पत्रव्यवहारही अवश्य वाचावा. ही पत्रे जमवून, जपून, त्यांची जुळणी करून ठेवली ती, पंडितेच्या अवज्ञेने सर्वांत अधिक दुखावलेल्या सिस्टर जेराल्डिन यांनीच.